कोंबडीला घाम येत नाही, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो

एप्रिल लागला की दरवर्षी त्याच बातम्या. उष्णतेची लाट, विदर्भात पारा ४५ च्या वर, दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका, आणि मग आतल्या पानावर कुठेतरी बारीक चौकट, अमुक गावात कोंबड्या दगावल्या. मग व्हॉट्सॲप सुरू. कुणी म्हणतं गूळपाणी द्या, कुणी म्हणतं कांदा चिरून टाका, कुणी म्हणतं पत्र्यावर पाणी मारा, आणि कुणीतरी हमखास म्हणतं की गरमीत कोंबड्या ठेवायच्याच कशाला. ज्याचं पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे त्याच्याकडे कंपनीचा डॉक्टर येतो, पण घरामागे आठ-दहा कोंबड्या ठेवणाऱ्याला नेमकं होतं काय हे नीट बसून कुणी सांगत नाही.

मी त्यातलाच एक. वर्धा जिल्ह्यात घर, मागच्या वाडीत १४ कोंबड्या, आणि तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका दुपारी त्यातल्या पाच गेल्या. सावली होती, पाणी होतं, कडुनिंबाचं झाड होतं. चूक एकच झाली, त्या दिवशी मी सुट्टीवर होतो आणि लाडात येऊन ११ वाजता भांडं भरून दाणा टाकला. त्याचा आणि मरण्याचा काय संबंध हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आधी अंग समजून घ्या

आपल्याला १०६ ताप चढला तर घरचे उचलून दवाखान्यात नेतील. कोंबडीचं ते रोजचं तापमान आहे, साधारण ४१ ते ४२ सेल्सिअस. आणि शरीराचं तापमान ४६-४७ च्या आसपास गेलं की खेळ संपला. म्हणजे हातात फक्त पाचेक डिग्रीची मोकळीक, वर अंगावर पिसांची गोधडी, आणि घामाच्या ग्रंथी तर नाहीतच.

आता उष्णता बाहेर कशी जाते ते बघा. गरम चहाचा कप टेबलावर ठेवला तर निवतो, कारण बाजूची हवा चहापेक्षा थंड असते. हवा २५ डिग्री असेल तर कोंबडीही अशीच आपोआप निवत राहते, तिला काही करावं लागत नाही. हवा ३०-३२ झाली की ती पंख अंगापासून लांब धरते, जमिनीत खड्डा करून पोट टेकवून बसते, लाल तुऱ्यात आणि चोचीखालच्या लोंबत्या कातडीत जास्त रक्त पाठवते, कारण तिथे पिसं नाहीत, तिथून उष्णता बाहेर पडते. पण हवाच ४२-४३ झाली तर? चहा आणि बाजूची हवा सारखीच गरम, मग कप निवणार कसा. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी हवा कोंबडीपेक्षा गरम असते, म्हणजे उष्णता बाहेर जायची सोडून आत यायला लागते.

मग तिच्याकडे एकच रस्ता उरतो, धापा टाकणं. चोच उघडी, गळा थरथरतोय, एरवी मिनिटाला २५-३० श्वास घेणारी कोंबडी १५० च्या वर जाते. तोंडातलं आणि घशातलं पाणी वाफ होऊन जातं आणि त्याबरोबर उष्णता जाते. ही जी ओढाताण आहे तिलाच डॉक्टर लोक हीट स्ट्रेस म्हणतात, आपण उष्म्याचा ताण म्हणू.

धाप फुकट नसते

धापा टाकायला मेहनत लागते, आणि मेहनत केली की पुन्हा उष्णता तयार होते. दोरीवरच्या उड्या मारून पंख्याची हवा घेण्यासारखं आहे हे.

दुसरं नुकसान अंड्यात दिसतं. उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची, हात लावला की तडकणारी येतात हे पाळणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे, पण का ते नाही. सोड्याची बाटली जोरात हलवून उघडली की गॅस उडून जातो आणि मागे सपक पाणी राहतं. कोंबडीच्या रक्तातही तोच गॅस असतो, कार्बन डायऑक्साईड, आणि धाप टाकताना तो गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जातो. कवच बनतं कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे चुनखडीचंच. त्यातलं कॅल्शियम दाण्यातून आणि हाडांतून येतं, कार्बोनेट बनायला रक्तातला हाच गॅस लागतो. गॅस उडाला, कवच पातळ. म्हणून उन्हाळ्यात नुसता कॅल्शियमचा डोस वाढवून उपयोग होत नाही. सिमेंट भरपूर आणलं पण वाळूच नाही, तर भिंत कशी उठणार. मेडिकलवाला तुम्हाला बाटली विकेल, कवच मात्र धाप कमी झाल्यावरच जाड होईल.

पोटातली चूल

आता माझ्या अकरा वाजताच्या दाण्याकडे येतो.

खाल्लेलं पचवताना शरीरात उष्णता तयार होते. उन्हाळ्यात लग्नाच्या पंगतीत दुपारी पोटभर जेवून उठल्यावर अंगातून वाफा निघतात ते तुम्ही अनुभवलंच असेल, मांडवात पंखे असूनही. कोंबडीचं तेच. दाणा खाल्ल्यावर लगेच नाही, पुढच्या चार-पाच तासांत ही पचनाची उष्णता हळूहळू वाढत जाऊन टोकाला पोचते. सकाळी ११ ला खाल्लं म्हणजे आतली चूल दुपारी ३-४ ला रसरसून पेटलेली, आणि बाहेरचं ऊनही नेमकं तेव्हाच टोकाला. आतून चूल, बाहेरून भट्टी, मध्ये कोंबडी. त्या दिवशी माझ्या ज्या पाच गेल्या त्या सगळ्यात धडधाकट, सगळ्यात अंड्यावरच्या, म्हणजे भरपूर अंडी देणाऱ्या, भांड्यावर सगळ्यात आधी तुटून पडणाऱ्या होत्या. किडकिडीत दोन तलंगा, म्हणजे अजून अंडी द्यायला न लागलेल्या कोवळ्या कोंबड्या, ज्यांना बाकीच्या भांड्याजवळ येऊ देत नव्हत्या, त्या टुणटुणीत राहिल्या.

म्हणून उन्हाळ्यात काय घालता हे जितकं महत्त्वाचं, त्याहून कधी घालता हे जास्त.

माझं वेळापत्रक आता असं आहे. पहाटे ५ ला, अजून गारवा असताना, पहिला दाणा. साडेआठ-नऊच्या आत भांडी रिकामी करून उचलून ठेवायची. त्यानंतर संध्याकाळी ६ पर्यंत दाणा नाही, फक्त पाणी आणि सावली. ६ नंतर दुसरा दाणा, तो मोठा, आणि अंधार पडेपर्यंत खाऊ द्यायचं. ज्यांच्या कोंबड्या भरपूर अंडी देणाऱ्या जातीच्या आहेत ते पहाटे ४ लाच एक बल्ब लावतात, म्हणजे खायला थंड वेळ जास्त मिळतो. देशी कोंबड्यांना एवढं करायची गरज मला तरी वाटली नाही.

"म्हणजे दिवसभर उपाशी ठेवायचं? हा तर जुलूम"

आईचं पहिलं वाक्य हेच होतं. मुक्या जीवाला नऊ तास दाणा नाही म्हणजे पाप लागेल वगैरे. पण एकदा दुपारी १ वाजता जाऊन फक्त बघत बसा. भांडं भरलेलं असलं तरी शहाण्या कोंबड्या तिकडे फिरकत नाहीत, त्यांचं शरीरच सांगतं की आता चूल पेटवू नको. धोका असतो तो हावरट असणाऱ्यांना, आणि आपण खडखड वाजवून ताजा दाणा टाकला की सगळ्याच धावतात. दिवसाचा एकूण दाणा आपण कमी करतच नाही, तो फक्त थंड वेळेत सरकवतो. रमजानच्या दिवसांत आमच्या शेजारचे चाचा पहाटे आणि संध्याकाळी जेवतात, त्यांचं वजन काही महिन्यात अर्धं होत नाही, हे मी आईला सांगितल्यावर ती गप्प बसली, पटलं की नाही माहीत नाही.

एक अपवाद, लहान पिल्लांना हा नियम लावू नका. त्यांची गळ्याजवळची दाण्याची पिशवी लहान, त्यांना थोडं थोडं दिवसभर लागतं. आणि पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांना तर ३२ ते ३५ डिग्रीची ऊब हवीच असते, पण उन्हाळ्याच्या दिवसा ती हवेतच असते, म्हणून उन्हाळ्यात पिल्लं आणली तर बल्ब दिवसरात्र पेटवून ठेवणारे लोक बघितले की मला कळत नाही ते पिल्लं वाढवतायत की भाजतायत. बल्बकडे नाही, पिल्लांकडे बघा. एकमेकांच्या अंगावर चढून बसली तर थंडी वाजतेय, भिंतीला जाऊन चोच उघडून बसली तर गरम होतंय.

मग दाण्यात काय

गरमीत कोंबडी कमी खाते. एरवी अंड्यावरची सुधारित कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते, देशी त्याहून कमी, आणि मोकळी फिरणारी असेल तर त्यातलं बरंच ती स्वतः शोधते. पण मे महिन्यात आमच्याकडे वाडीत शोधायला आहे काय? ना हिरवा पाला, ना किडे, ना शेतात सांडलेला दाणा. पावसाळ्यात जी कोंबडी तुमच्याकडून मूठभर दाण्यावर भागवते तिला उन्हाळ्यात तुम्हीच खाऊ घालावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच ती कमी खाते. म्हणजे जे चार घास पोटात जातील ते कसदार हवेत. नुसती कणी, नुसता तांदूळ, शिळी पोळी यावर ती जगते, अंडी देत नाही.

घरी करायचं मिश्रण मी असं करतो, १० किलोचा हिशोब: भरडलेला मका साडेपाच किलो (ज्वारी स्वस्त मिळाली तर अर्धा मका काढून ज्वारी), सोयाबीनची पेंड दोन किलो, तांदळाचा किंवा गव्हाचा कोंडा सव्वादोन किलो, उरलेलं पावशेर मिनरल मिक्श्चर आणि मीठ मिळून, त्यात मीठ ३० ग्रॅमच्या वर नको. यात प्रोटीन सोळा-साडेसोळा टक्क्यांच्या आसपास येतं. भांड्याच्या वर चमचाभर खायचं तेल चोळलं तरी चालतं. कारण पचवताना प्रोटीनमुळे सगळ्यात जास्त उष्णता होते आणि तेलामुळे सगळ्यात कमी. त्यामुळेच "कमी खातात तर प्रोटीन डबल करा" हा सल्ला उन्हाळ्यात उलटा पडतो, जास्तीचं प्रोटीन शरीर जाळून टाकतं आणि चूल अजून भडकते.

इथे आमच्या विदर्भातल्या दोन खास चुका सांगतो. पहिली, घरात सोयाबीनची पोती असतात म्हणून कच्चं सोयाबीन तसंच टाकणं. कच्च्या सोयाबीनमध्ये असं द्रव्य असतं जे प्रोटीन पचूच देत नाही, कोंबडी खाते आणि वाळत जाते. चांगलं भाजून भरडा, नाहीतर पेंडच आणा, पेंड बनवताना ती तापवलेली असते. दुसरी, जनावरांची सरकी पेंड कोंबड्यांना घालणं. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, गाय-म्हैस ते बऱ्यापैकी पचवते, कोंबडीला जमत नाही, आणि अंड्याचा बलक हिरवट पडतो. आमच्या गल्लीत एकीनं अंडं फोडलं तर आत हिरवट बलक, झालं, करणी केली म्हणून दोन घरांत अबोला. सरकी पेंड होती ती.

भुईमुगाची पेंड आणि मका बुरशी आलेला नको, वास कुबट आला तर फेकून द्या. त्यातलं विष काढता येत नाही, उन्हात वाळवूनही नाही.

शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीची बारीक खडी दाण्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा, आणि ती वाटी संध्याकाळी भरा. कवचाचा मोठा भाग रात्री बनतो, त्यामुळे संध्याकाळी गिळलेले खडे रात्रभर पोटात हळूहळू विरघळत राहतात. पावडर लवकर निघून जाते, खडा टिकतो. वेगळ्या वाटीचा फायदा म्हणजे जिला गरज आहे तीच खाते. अंड्यावर न आलेल्या तलंगांना जबरदस्तीनं एवढं कॅल्शियम गेलं तर त्यांची मूत्रपिंडं खराब होतात.

अझोल्याबद्दल, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या त्या हिरव्या वनस्पतीबद्दल, फार विचारतात म्हणून सांगतो. चांगलं आहे, घाला, पण चमत्कार नाही. ओल्या अझोल्यात ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं, १०० ग्रॅम घातला तर सुका माल सहा-सात ग्रॅमच पोटात जातो. दाणा बंद करून अझोल्यावर कोंबड्या जगवायच्या व्हिडिओंना भुलू नका. शिवाय उघड्या उन्हात मे महिन्यात अझोला स्वतःच मरतो, त्यालाच हिरवी नेट लागते. त्यापेक्षा जुन्या मडक्यात ओलं शेण आणि कुटार (मळणीनंतरचा भुसा) भरून वाळवी असलेल्या जागी संध्याकाळी पालथं घाला, सकाळी उचललं की वाळवी लागलेली असते. कोंबड्या वेड्या होतात त्यासाठी.

पाणी, आणि त्याचं तापमान

एरवी कोंबडी खाल्लेल्या दाण्याच्या दुप्पट पाणी पिते. कडक उन्हात हेच तिप्पट-चौपटवर जातं. एका कोंबडीला अर्धा लिटर धरा, माझ्या १४ असताना दिवसाला सात लिटर, त्यात सांडणारं वेगळं.

पण पाणी ठेवलं म्हणजे ती पितेच असं नाही. प्लास्टिकचं भांडं उन्हात, पाईप उन्हात, टाकी गच्चीवर, दुपारी त्यातून जे येतं ते पाणी नसतं, काढा असतो. अंगापेक्षा गरम पाण्याला कोंबडी तोंड लावत नाही, आणि प्यायली तरी त्यानं निवणार काय. मातीचं पसरट भांडं, अर्धं जमिनीत पुरलेलं, सावलीत, आणि दुपारी एकदा-दोनदा बदललेलं, याच्यापुढे विकतची महागडी भांडी झक मारतात. दोन-तीन जागी ठेवा. एकच भांडं असलं की दांडगट कोंबडी तिथे ठाण मांडते आणि बाकीच्या उन्हात ताटकळतात.

गूळपाणी? वाईट नाही, धापांमुळे गेलेले क्षार थोडे भरून येतात, ताकद येते. पण ४३ डिग्रीत गुळाचं पाणी चार तासांत आंबतं, आणि मग जुलाब. दिलं तर सकाळी द्या, दोन तासांत उचला. त्यापेक्षा मेडिकलमधली ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या पाण्यात विरघळवून द्यावी, आठवड्यातून सगळ्यात तापलेले दोन-तीन दिवस पुरे. लिंबू पिळलं तरी चालेल. कोंबडी व्हिटॅमिन सी स्वतः बनवते पण ताणात ते कमी पडतं. आणि काहीही मिसळलं तरी बाजूला साध्या पाण्याचं एक भांडं पाहिजेच.

कुलरचं गणित

पत्र्यावर पाणी मारा, गोणपाट ओलं करा, फॉगर लावा, हे सगळं एकाच गोष्टीवर चालतं, पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता घेऊन जातं. नागपूरवाल्याला हे वेगळं सांगायला नको, त्याचं अर्धं आयुष्य कुलरपुढे गेलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठणठणीत, कुलर खोली गार करतो. तोच कुलर जूनच्या शेवटी लावला की अंग चिकचिक होतं आणि गारवा शून्य, कारण हवेत आधीच ओल आहे, पाण्याची वाफ होतच नाही. रत्नागिरीच्या पाहुण्यांना म्हणून आमचा माठ कौतुकाचा वाटतो.

कोंबडीची धाप हा तिचा कुलर आहे. म्हणून जी गोष्ट कुलरला लागू, तीच तिला. विदर्भ-मराठवाड्यात, खानदेशात कोरड्या उन्हाळ्यात खुराड्याच्या खिडकीला ओलं गोणपाट उत्तम. कोकणात, गोव्यात, मुंबईकडे तेच गोणपाट लावलं तर हवेतली ओल वाढून तिचा स्वतःचा कुलर बंद पडतो. तिकडे पाणी कमी, वारा जास्त, हे सूत्र. आणि कुठेही राहात असलात तरी खिडक्या बंद करून कुलर लावल्यावर काय होतं ते आठवा. हवा खेळती नसेल तर ओलं गोणपाट म्हणजे इडलीपात्र.

खुराडं बांधताना लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन अरुंद बाजूवर पडतं, आत घुसत नाही. पत्रा असेल तर त्यावर चुना मारा आणि वर पऱ्हाट्या, तुराट्या (कापसाची, तुरीची वाळलेली झाडं) किंवा गवताचा जाड थर टाका, खर्च जवळजवळ काही नाही. भिंती विटांच्या चारही बाजूंनी बंद नकोत, दिवसभर तापलेली वीट रात्री १२ पर्यंत उष्णता सोडत राहते. रात्रीत मेलेल्या कोंबड्यांचा दोष लोक मुंगसाला देतात, पण अंगावर एक खरचटा नसतो. मुंगसासाठी बारीक जाळी लावा, भिंत नको. उन्हाळ्यात एका कोंबडीला किमान दोन चौरस फूट जागा द्या, कारण रात्री एकमेकींना चिकटून बसल्या तर त्या एकमेकींची शेगडी होतात.

"आजीच्या काळी कुठे होतं हे सगळं?"

बरोबर आहे, नव्हतं. पण आजीच्या कोंबड्याही वेगळ्या होत्या. सव्वा-दीड किलोची देशी कोंबडी, वर्षाला ५०-६० अंडी, चिंचेखाली दिवस काढायचा आणि रात्री डालग्याखाली किंवा गवताच्या छपरात. आता आपल्याकडे हैदराबादच्या संस्थेनं काढलेली वनराजा, ग्रामप्रिया किंवा बंगळुरूची गिरिराज असते, वजनाला जड, अंड्याला जास्त. चुलीतून एक मोठं रताळं आणि चार छोटी बाहेर काढा, मोठं शेवटपर्यंत गरम राहतं, कारण त्याच्या वजनाच्या मानानं साल कमी. जड कोंबडीचं तेच होतं, आणि जास्त अंडी म्हणजे जास्त खाणं, म्हणजे आतली चूलही मोठी. वर डोक्यावर पत्रा.

म्हणून मे महिना ४४-४५ चा असेल तर मी तरी देशी, झाबुआचा कडकनाथ, किंवा गावरान कोंबड्यांत अधूनमधून दिसणारी उघड्या मानेची कोंबडी याच बाजूनं झुकेन. उघड्या मानेच्या पक्ष्याला दिसायला गिधाड म्हणून लोक हसतात, पण त्याच्या अंगावर पिसं २० ते ४० टक्के कमी असतात. ज्याला अंडी विकायची आहेत त्यानं ग्रामप्रिया ठेवावी, पण मग वेळापत्रक पाळावं.

ऊन लागलं की मानमोडी?

हे ओळखणं फार गरजेचं, कारण दोन्ही उन्हाळ्यातच जोर करतात आणि लोक सगळं "उन्हानं गेली" या खात्यात टाकतात. उन्हानं मरण बहुतेक दुपारी ते संध्याकाळी येतं (तापलेल्या विटांच्या खुराड्यात रात्रीही), जाड आणि अंड्यावरच्या आधी जातात, आणि हवा बदलली की थांबतं. मानमोडी म्हणजे राणीखेत, त्यात हिरवी पातळ हगवण, मान पिळवटणं, पाय लुळे पडणं, नाकातोंडातून चिकट पाणी, आणि मरण सकाळ-संध्याकाळ बघत नाही, रोज दोन-चार करत आठवडाभरात अख्खं खुराडं रिकामं. यावर औषध नाही, फक्त लस. लासोटा पिल्लांना पहिल्या आठवड्यात, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर२बी, आणि मोठ्यांचा डोस मार्च उजाडण्याआधी उरकून घ्या, भर मे मध्ये लस टोचणं म्हणजे ताणावर ताण. लस बर्फातून आणायची आणि पहाटे द्यायची, एवढं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं तरी सांगतात.

अंड्यांचं एक राहिलं. उबवणीला अंडी ३७-३८ डिग्री लागतात, म्हणजे मे महिन्यातली तुमची खोलीच उबवणी यंत्र आहे. कोंबडा असेल तर अंड्यात जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मग सडतं. खायच्या अंड्यांसाठी उन्हाळ्यात कोंबडा वेगळा ठेवा, कोंबड्याशिवाय कोंबडी अंडं देते (हे अजूनही निम्म्या लोकांना पटत नाही), फक्त परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात. खुडूक (अंडी उबवायला) बसलेली असेल तर तिच्या चोचीपासून वीतभर अंतरावर पाणी ठेवा, नाहीतर ती उठायचीच नाही आणि बसल्या जागी जाईल.

आडवी पडलीच तर

आरडाओरडा, धरपकड नको, पळवल्यानं अजून तापते. अलगद उचलून सावलीत, वारा लागेल अशा जागी आणा. बादलीत साधं पाणी घेऊन पाय आणि पोटाखालचा भाग भिजेल इतकं मिनिट-दोन मिनिटं बुडवा, डोकं वर धरून. तुऱ्याला ओला हात लावा. बर्फाचं पाणी ओतू नका, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते. चोच उघडून पाणी ओतणं तर अजिबात नको, ते श्वासनळीत जातं, माझी पाचवी अशीच गेली, ती कदाचित वाचली असती. मान सावरली की चोचीचं टोक फक्त पाण्याला लावा, ती स्वतः पिते.

आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, संपला म्हणजे सुटलो असं धरू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक वळीव पडतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा ३९-४० डिग्री ऊन, पण आता हवेत ओल. थर्मामीटर सांगतो कमी झालं, कोंबडी मात्र मे पेक्षा जोरात धापते. त्या दिवशी ओली गोणपाटं काढायची, जाळीपुढचा सगळा पसारा हलवून वाऱ्याला वाट द्यायची, भिजलेला भुसा काढून कोरडा टाकायचा, आणि दाण्याची वेळ अजून पंधरा दिवस पहाटेचीच ठेवायची.